विमानाच्या बिजागऱ्या

अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धन येथें शिडाची होडी ज्या श्रोत्यांनीं जवळून पाहिली असेल, त्यांना सुकाणूं कसें वळतें हें सांगावयास नको. होडीच्या मागील अंगास लोखंडी कड्यांत पिना अडकविलेल्या असतात व त्यांवर सुकाणूंची फळी फिरते. कडी झिजली म्हणजे सुकाणूं खडखडूं लागतें. तरीहि नावाडी होडी बंदरास लावतो. विमानालाहि सुकाणूं असतें. शिवाय नाक वरखालीं करणारा एलेव्हेटर आणि कुशीवर कलविणारे एलेरॉन असतात. हे सर्व भाग बिजागऱ्यांवरच फिरतात. मात्र आकाशांत ती खडखड चालवून घेतां येत नाहीं.

घरीं विमान बांधणें ही आपल्याकडे आतां नुसती कल्पना राहिलेली नाहीं. कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईस कांदिवलीच्या एका गच्चीवर बांधलेलें सहा आसनांचें विमान २०१६ सालीं ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, व २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंदणी झाली. अशा कामांत सर्वांचें लक्ष इंजिनाकडे जातें. बिजागरीच्या बुशाकडे क्वचितच जातें.

बुश म्हणजे बिजागरीच्या ॲल्युमिनियमच्या कानांत बसविलेली पोलादाची किंवा कांशाची लहान नळी. बोल्ट थेट ॲल्युमिनियमवर फिरला तर तो मऊ धातु झिजतो व भोंक लांबट होतें. बुश ही झीज आपल्या अंगावर घेतो, आणि झिजल्यावर तो बदलतां येतो.

बुशाचा बाहेरचा व्यास भोंकापेक्षां मिलिमीटरच्या दोनतीन शतांशांनींच अधिक ठेवतात. म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनहि कमी. तो हातोडीनें ठोकूं नये. तिरका जाऊन भोंक खरवडतो. लांब बोल्ट, जाड वॉशर व नट यांच्या साहाय्यानें तो सावकाश आंत ओढावा. कित्येक जण बुश अतिशय थंड करून आकुंचित करतात. परंतु कोंकणच्या दमट हवेंत थंड धातूवर तत्काळ दंव धरतें व तें पाणी सांध्यांत कोंडतें. खाऱ्या ओलाव्यांत दोन भिन्न धातु एकमेकांस टेकले कीं विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम पोखरलें जातें. म्हणून या किनाऱ्यावर भोंकास गंजरोधक प्रायमर लावून, तो ओला असतांनाच बुश ओढून घेणें श्रेयस्कर.

दाबामुळें बुशाचें आंतलें भोंक किंचित् आवळतें. तें रीमरनें पुन्हां मापास आणावें लागतें. बिजागऱ्या तीन असल्या तर तिन्हींतून एक सरळ सळई न अडखळतां गेली पाहिजे; एरवीं तो भाग जड फिरतो. शेवटीं खांचांचा नट घालून त्यांतून स्प्लिट पिन ओवावी, म्हणजे सांधा फिरत असतां नट उलगडत नाहीं.

एवढी दक्षता कशासाठीं? सैल सांध्यावर वाऱ्याच्या झोतानें एलेरॉन थरथरूं लागतो. ती थरथर पंखाच्या स्वाभाविक कंपनाशीं जुळली, तर प्रत्येक हेलकाव्यास वाराच बळ पुरवितो, आणि कांहीं सेकंदांत तो भाग उखडून जाऊं शकतो. यास्तव प्रत्येक उड्डाणापूर्वीं अशा भागाची कड हातांत धरून हलवून पाहावी. ‘ठक्’ असा आवाज आला, तर त्या दिवशीं विमान जमिनीवरच ठेवावें.