मळीचे पाणी, चिमणीची काजळी आणि गावची विहीर

प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात कारखान्यांच्या चिमण्या एकामागून एक दिसू लागल्या. कारखान्याने उसाला हक्काचे गिऱ्हाईक दिले, आडवाटेच्या गावांना रस्ते व शाळा दिल्या. हे ऋण कोणीही नाकारणार नाही. तथापि ज्या ओढ्यात कारखान्याचे सांडपाणी उतरते, त्या ओढ्याकाठच्या विहिरीवर ज्यांचे घागरभर पिण्याचे पाणी अवलंबून असते, त्यांना या भरभराटीची दुसरी बाजूही ठाऊक असते.

साखर काढून झाल्यावर उरणारी मळी आंबवून तिच्यापासून मद्यार्क काढतात. एक लिटर मद्यार्कामागे साधारणतः ८ ते १५ लिटर सांडपाणी निघते. ते उष्ण, आम्लधर्मी, काळसर तपकिरी व उग्र वासाचे असते. कारखान्यात त्याला स्पेंट वॉश म्हणतात, गावकरी मळीचे पाणी म्हणतात. हे पाणी नदीत गेले की मासे मरतात, हे पुष्कळांनी पाहिले आहे. परंतु ते का मरतात, हे समजून घेतले पाहिजे. कोणी विष कालवल्यामुळे ते मरतात असे नव्हे. या पाण्यात सेंद्रिय द्रव्य इतके असते की, ते कुजवताना सूक्ष्म जंतू पाण्यात विरघळलेला सर्व प्राणवायू खाऊन टाकतात. प्रक्रिया न केलेल्या एक लिटर मळीच्या पाण्याला कुजण्यासाठी सुमारे ४०,००० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. नदीच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरमागे तो जेमतेम ८ मिलिग्रॅम असतो. म्हणजे हे एक लिटर पाणी नदीच्या ५,००० लिटर पाण्यातील प्राणवायू फस्त करू शकते. गाळप हंगाम संपत येतो तेव्हा नदीची धारही क्षीण झालेली असते, आणि पहिल्या वळवाच्या पावसाने ओढ्यात साठलेली घाण एकदम खाली येते. मासे मेल्याच्या बातम्या बहुधा याच दिवसांत का येतात, याचा उलगडा त्यावरून होईल.

नदी पुराने एकदा तरी धुऊन निघते; विहिरीचे तसे नाही. दख्खनच्या काळ्या खडकात पाणी मुरते ते मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून. अस्तर नसलेल्या किंवा फुटक्या अस्तराच्या तळ्यात मळीचे पाणी साठविले, तर ते याच भेगांच्या वाटेने उताराकडील विहिरींना जाऊन मिळते. पाण्याला चहासारखा रंग येतो, क्षार वाढतात, डाळ शिजत नाही. एकदा बिघडलेली विहीर उपसून लगेच सुधारत नाही, कारण बिघाड विहिरीत नसून तिला पाणी पुरविणाऱ्या खडकात असतो.

येथे एका गैरसमजाकडे ग्रामकार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. पाणी उकळल्याने किंवा विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्याने रोगजंतू मरतात. विरघळलेले क्षार व नायट्रेट मात्र तसेच राहतात. उलट, उकळून पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त नायट्रेटचे पाणी वरच्या दुधात मिसळून तान्ह्या मुलास पाजल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि मूल निळसर पडते. अर्थात नायट्रेट कारखान्यातूनच येते असे नाही. उकिरडा, शौचखड्डा आणि शेतातील युरियाही ते विहिरीस पुरवितात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली. काविळीचे असे विषाणू मैलापाण्यातून येतात, मळीतून नव्हे. दोष कोणाचा हे तपासणीनेच ठरते, संशयाने नव्हे.

काही शेतकरी मळीचे पाणी टँकरने आपल्या रानात सोडून घेतात. त्यात पालाश भरपूर असतो, हे खरे. परंतु प्रक्रिया न केलेले पाणी वारंवार सोडल्यास काळ्या जमिनीत क्षार साचतात आणि खालच्या शेजाऱ्याची विहीर बिघडते. फुकट मिळालेले खत मग दोघांनाही महाग पडते. २००३ साली आसवनी कारखान्यांसाठी थेंबभरही सांडपाणी बाहेर न सोडण्याचे धोरण ठरले. त्यासाठी ते आटवून बॉयलरमध्ये जाळणे किंवा प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करणे, हे मार्ग आहेत.

हवेची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. चिपाड जाळणाऱ्या चिमणीची काजळी वाळवणावर पडते ती डोळ्यांना दिसते, पण फुप्फुसात खोल शिरणारे कण दिसतही नाहीत. अशा अतिसूक्ष्म कणांची मर्यादा दिवसाच्या सरासरीने दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. चिमणीकडे बोट दाखविताना, तोडणीनंतर आपणच पेटविलेल्या पाचटाचा धूरही त्याच हवेत मिसळतो, हे विसरून चालणार नाही.

तक्रार करावयाची तर पुरावा हवा. गाळप सुरू होण्यापूर्वी एकदा आणि हंगामाच्या अखेरीस एकदा विहिरीचा नमुना घ्यावा. ओढ्याचे नमुने सांडपाणी मिळण्याच्या जागेच्या वर आणि खाली, असे दोन घ्यावेत. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून तोंडापर्यंत भरावी. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळू नये. बाटलीवर ठिकाण, तारीख व वेळ लिहून दोन साक्षीदारांसमक्ष पंचनामा करावा. तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. जंतूंचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचविणे उत्तम.

ओढ्यात अथवा विहिरीत दूषित द्रव्य सोडण्यास १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २४ ने मनाई आहे. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नजीकच्या कार्यालयाकडे, ग्रामसभेचा ठराव व तपासणीचे अहवाल जोडून द्यावा आणि पोच घ्यावी. पीक, जनावरे वा विहीर यांची हानी झाली असल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यास आहे. हा अर्ज कारण प्रथम घडल्यापासून ५ वर्षांच्या आत करावा लागतो. म्हणून पाण्याचा रंग प्रथम पालटल्याची तारीख पंचायतीच्या दप्तरी त्याच दिवशी नोंदवून ठेवावी.