पुसलेले फोटो जातात कुठे?

फोनवर ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना येते, आपण शे-दोनशे फोटो पुसतो, तरी आकडा जागचा हलत नाही. दोष फोनचा नसतो. ‘डिलीट’ म्हणजे बहुतेक वेळा नष्ट करणे नव्हे, नुसते बाजूला ठेवणे. गूगल फोटोजच्या ‘बिन’मध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस, आयफोनवर तो ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये साधारण ३० दिवस राहतो. तोवर त्याने अडवलेली जागा अडलेलीच. शिवाय एकाच फोटोच्या अनेक प्रती असतात: अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपने पाठवलेल्या फोटोची वेगळी प्रत ‘सेंट’ फोल्डरमध्ये उरते. मूळ फोटो पुसला, तरी ती तशीच.

कुणी म्हणेल, पुसायला सांगितले की फोनने लगेच पुसावे. हा उशीर कशासाठी? पण घाईत बाळाचा पहिला फोटो पुसला गेला, तर हाच उशीर तो परत मिळवून देतो. म्हणून ही सोय हवीच. फक्त जागा हवी असेल तेव्हा बिन एकदा नीट पाहून आपल्या हाताने रिकामी करावी. व्हॉट्सअॅपच्या ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये ५ एमबीहून मोठ्या फायली वेगळ्या दिसतात, सुरुवात तिथून करावी. ‘सगळे क्लाउडवर आहे, फोनवरचे बिनधास्त पुसा’ हा सल्ला मात्र धोक्याचा आहे. गूगल फोटोजमध्ये साध्या ‘डिलीट’ने बॅकअपमधली प्रतही जाते, ‘फ्री अप स्पेस’ने फक्त फोनवरची. हा फरक ओळखला, तर जागाही मिळेल आणि आठवणीही राहतील.