मळणीचा बैल आणि एक ग्रीक शब्द

'बायबल प्राण्यांच्या बाजूने आहे की विरोधात?' धर्म आणि नीतिशास्त्र यांवर काम करायचं ठरवलं की बरेच जण या प्रश्नापासून सुरुवात करतात. पण या प्रश्नावर संशोधन उभं राहत नाही, कारण दोन्ही बाजूंना वचनं सापडतात. उत्पत्ती १:२८ मध्ये माणसाला प्राण्यांवर सत्ता दिली आहे. लगेच पुढच्या दोन वचनांत माणूस आणि प्राणी दोघांचंही अन्न म्हणून फक्त वनस्पती सांगितल्या आहेत. मांस खायची परवानगी येते ती जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात. वचनं मोजत बसलात तर हिशोब लागणार नाही.

त्यापेक्षा एकच वचन धरा आणि त्याचा प्रवास बघा. उदाहरणार्थ, अनुवाद २५:४.

आज्ञा साधी आहे: मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नका. पायाखाली धान्य, दिवसभर गोल गोल फिरणं आणि तोंड मात्र बंद, हे होऊ नये एवढंच. वरवर पाहता यात फायदा बैलाचाच आहे, मालकाचं तर थोडं धान्य जातं. ही आज्ञा एकटीही नाही. निर्गम २३:१२ मध्ये सातव्या दिवसाची विश्रांती बैल आणि गाढव यांनाही आहे. नीतिसूत्रे १२:१० मध्ये आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेणं हे नीतिमान माणसाचं लक्षण मानलं आहे.

आता हेच वचन पौलाच्या हातात कसं बदलतं ते बघा. १ करिंथ ९ मध्ये वाद आहे तो प्रेषितांच्या चरितार्थाचा: मंडळीने त्यांना पोसावं की नाही? पौल बैलाची आज्ञा पुढे करतो आणि विचारतो की देवाला काळजी बैलांची आहे का. ग्रीकमध्ये या प्रश्नाची रचनाच 'नाही' असं उत्तर अपेक्षिणारी आहे. पुढे तो म्हणतो की हे आपल्यासाठी लिहिलं आहे, आणि तिथे 'पांतोस' हा शब्द वापरतो. त्याचा अर्थ 'सर्वस्वी' असा होतो, तसाच 'खचितच' असाही होतो. 'सर्वस्वी' घेतलं तर बैल निव्वळ दृष्टान्त उरतो. 'खचितच' घेतलं तर 'बैलाला हक्क आहे, मग माणसाला का नसावा?' असं वाचायला थोडी जागा राहते. अर्थात प्रश्नाच्या रचनेचा अडसर तरीही कायम आहे, तो लपवू नका.

तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसने 'सुम्मा थिओलॉजिका'त पौलाचा हाच प्रश्न उचलला. त्याच्या मते विवेकाच्या पातळीवर माणूस प्राण्यांशी कसा वागतो याला महत्त्व नाही, पण प्राण्यांवर दया करणारा माणूस माणसांवरही दया करायला शिकतो. नीतिशास्त्रात याला अप्रत्यक्ष कर्तव्य म्हणतात: कर्तव्य प्राण्याबाबतचं, पण देणं लागतो ते माणसाचं.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. मूल्य अप्रत्यक्षच असेल, तर ज्या क्रौर्याने कोणताही माणूस बिघडत नाही त्यावर आक्षेप घ्यायला काही उरत नाही. मूल्य प्रत्यक्ष असेल, तर बंद शेडमधल्या जनावराचं दुःख कोणी पाहो न पाहो, ते दुःखच. अँड्र्यू लिंझीसारखे आजचे धर्मशास्त्रज्ञ म्हणूनच प्राण्यांचे हक्क निर्मात्याच्या हक्कावर उभे करतात.

माझं वाचन असं: अनुवादातल्या बैलाचं मूल्य प्रत्यक्ष आहे, ते अप्रत्यक्ष झालं नंतरच्या वाचनात. पण प्रत्यक्ष म्हणजे समान नव्हे. लूक १२ मध्ये स्वस्तात विकली जाणारी एक चिमणीही देव विसरत नाही, आणि तिथेच माणसाचं मोल अनेक चिमण्यांहून जास्त असल्याचंही सांगितलं आहे. दोन्ही गोष्टी सोबत ठेवाव्या लागतात.

तुमचं वचन निवडलंत की वहीत तीन प्रश्न लिहा. मूळ संदर्भात भलं कोणाचं होतं? नंतर कोणी, कोणत्या वादात ते वापरलं? भाषांतरात कोणता शब्द निवडला गेला? शेवटच्या प्रश्नाची सुरुवात मराठीतूनही होते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते आणि आजचं एखादं भाषांतर शेजारी ठेवून १ करिंथ ९:१० वाचा. शब्द वेगळे दिसले, तर तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच सुरू होतो.