भाकिताची चौकट
भोकरच्या बाजारात खिसा केव्हा कापला जाईल हे निजामी अमलातला पोलीस अमीन अनुभवाने ताडीत असेल; तेच अनुमान यंत्राने करावे म्हणून महाराष्ट्र शासनाने 2024 साली नागपुरात, तेथील भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या सहकार्याने, ‘मार्व्हल’ ही कंपनी सरकारी द्रव्यावर उभी केली. (आपल्याकडे अनुदानातून यंत्र आधी येते, चालविणारा मागाहून शोधतात, ते असो.) जुन्या फिर्यादींतील स्थळकाळ मोजून, नकाशावरील कोणत्या चौकटीत पुढील गुन्हा संभवतो ते सांगणे, ही अशा यंत्रांची एक प्रचलित रीत. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझने 2011 मध्ये आरंभिलेला असा प्रयोग 2020 मध्ये कायद्यानेच निषिद्ध ठरविला. आक्षेप असा की, जेथे गस्त अधिक तेथे नोंद अधिक, आणि नोंद अधिक म्हणून पुन्हा गस्तही तेथेच. तांड्यावरची शेळी चोरीस गेली आणि ठाण्याची पायरी कोणी चढलेच नाही, तर यंत्राच्या लेखी ती शेळी नव्हतीच. उलट काही जमातींवर 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला शिक्का, तो कायदा 1952 साली रद्द होऊनही, पुरता पुसला गेलेला नाही, आणि जुन्या नोंदींतून तोच यंत्रात उतरू शकतो.