एका उंदराचे दोन शिकारी

वर्धा जिल्ह्यात वावराकडे जाताना विजेच्या तारेवर कापशी घार हमखास दिसते. कबुतराएवढी, अंग राखी-पांढरं, खांदे काळे, डोळे लालभडक. दिवस मावळला की त्याच वावराच्या धुऱ्यावरून खोकड निघतं. कापशीचं वजन पाव किलोच्या आसपास, खोकडाचं त्याच्या जवळपास दहापट. तरी दोघांनाही उंदीरच हवा असतो.

कापशी वाऱ्याकडे तोंड करून पंख मारत हवेत एका जागी थांबते, खाली काही हललं की पंख उंचावून, पाय सोडून उतरते. खोकडाची भिस्त मोठ्या कानांवर. उंदीर नाही मिळाला तर नाकतोडे, वाळवी, खेकडे, अगदी बोरंही त्याला चालतात. कापशी मात्र बहुतेक उंदरांवरच जगते. म्हणजे बदलत्या शेतीत खोकड जास्त तगायला हवं. घडतं उलट.

याचं कारण घरात आहे. कापशीला धुऱ्यावरची एक बाभूळ पुरते. उंदीर माजले की ती वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा पिल्लं काढते, घटले की दुसरीकडे जाते. शेतजमिनींच्या आधारानेच ती स्पेन-पोर्तुगालमधून फ्रान्सपर्यंत पसरली. खोकडाची मादी वर्षातून एकदाच विते, तेही अनेक तोंडांच्या बिळात. आणि बिळाला नांगर न लागलेली जमीन लागते. सोलापूरजवळच्या नान्नजला वन्यजीव अभ्यासक अबी वनक यांनी खोकडांचा अभ्यास केला. तिथेही खोकडांची पसंती गवताळ आणि पडीक जमिनीला होती, आणि गावकुत्र्यांपासून ती दूर राहत होती.

वर्ध्यातल्या आर्वी-कारंजाकडे गवळाऊ गाई ज्या गवतावर पोसल्या, तसलीच ही जमीन. कागदोपत्री ‘पडीक’ म्हणून झाडं लावायला किंवा मुरूम काढायला आधी तीच निवडली जाते. हे मला साफ चुकीचं वाटतं. बोर व्याघ्र प्रकल्पात रानकुत्र्यांना निदान हद्दीचं संरक्षण आहे. खोकड राहतं हद्दीबाहेरच्या उघड्या माळावर.

विषाचा धोका मात्र दोघांनाही सारखाच. ब्रोमॅडिओलोन हे उंदीर मारायचं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्तावतो, आणि सुस्तावलेलाच आधी पकडला जातो. गायरानात खोकडाचं बीळ दिसलं तर फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत तिथे जेसीबी नेऊ नये, आणि जवळच्या वावरात हे विष टाकू नये. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर एवढं सहज होऊ शकतं.