गाणारे व्हायोलिन आणि त्याचे श्रोते

रेडिओवर एखादे जुने भावगीत लागते. गायक मात्र गात नसतो. तबल्याच्या साथीने केवळ व्हायोलिन वाजत असते. तरीही स्वयंपाकघरात काम करणारी गृहिणी त्या सुरांबरोबर शब्द गुणगुणू लागते, आणि वादन संपले की म्हणते, “अगदी शब्दसुद्धा ऐकू आले!” प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांच्या वादनाविषयी मराठी श्रोत्यांनी हाच अभिप्राय वर्षानुवर्षे दिला. त्यांचे व्हायोलिन वाजत नाही, ते गाते, असे लोक म्हणत. पुढे ‘गाणारे व्हायोलिन’ याच नावाने त्यांच्या वादनाच्या ध्वनिफिती आणि कार्यक्रम लोकप्रिय झाले.

हा अभिप्राय वरवर साधा वाटतो. परंतु त्यामागे एका वादकाची दीर्घ वाटचाल आहे. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, या केंद्रावरून ग. दि. माडगूळकर यांचे ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले. सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली ५६ गीते वर्षभर, आठवड्याला एक या क्रमाने, घराघरांत पोहोचली. या गीतांच्या साथीला प्रभाकर जोगांचे व्हायोलिन होते. नंतर फडके यांनी गावोगावी केलेल्या गीतरामायणाच्या शेकडो कार्यक्रमांतही त्यांनी साथ केली. फडक्यांचे साहाय्यक म्हणूनही त्यांनी काम केले. ‘स्वर आले दुरुनी’ या प्रसिद्ध गीताची चाल त्यांचीच. कवी यशवंत देव, गायक सुधीर फडके.

त्या काळी रेडिओवर गीत लागण्यापूर्वी निवेदक कवीचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव सांगत असे. साथीदारांची नावे भावगीतांच्या कार्यक्रमात सहसा सांगितली जात नसत. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत ऐकू येणारे ते व्हायोलिन कोणाचे, हे हजारो श्रोत्यांना ठाऊक नव्हते. सूर मात्र त्यांच्या कानांत ठसले होते. साथ करणाऱ्याच्या वाट्याला येणारा हा अनामिकपणा आपण सहज विसरून जातो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्हायोलिन गाते, म्हणजे नेमके काय घडते? सतारीच्या दांडीवर पडदे असतात, हार्मोनियमला पट्ट्या असतात. व्हायोलिनला यांपैकी काही नाही. डाव्या हाताचे बोट तारेवर कोठेही टेकता येते आणि तेथून अखंड घसरत पुढच्या स्वरावर नेता येते. भारतीय पद्धतीत वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे एक टोक खांद्याशी व दुसरे पायाच्या घोट्याशी टेकवतो. त्यामुळे डाव्या हातावर वाद्य पेलण्याचा भार राहत नाही आणि तो तारेवर मोकळा फिरतो. गळ्यातून निघणारी मींड व्हायोलिनवर इतकी हुबेहूब उमटते ती यामुळेच.

उजव्या हातातील गज हा या वाद्याचा श्वास होय. तो तारेवरून फिरत असेपर्यंत स्वर टिकतो, तो थांबला की स्वर थांबतो. येथेच खरे कौशल्य आहे. ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ यांसारखा लांबवलेला स्वर तारेतून निघू शकतो. परंतु ‘क’, ‘त’, ‘प’ ही व्यंजने तार कशी उच्चारणार? तेथे कुशल वादक गजाची दिशा बदलतो, किंवा क्षणभर तो थबकवतो. त्या लहानशा तुटीमुळे नवे अक्षर सुरू झाल्याचा भास कानाला होतो. गायक जेथे श्वास घेतो तेथे गजही विसावतो, आणि एखाद्या अक्षरावर गायक हरकत घेतो तेव्हा ती सारी हरकत एकाच गजात बसवावी लागते. केवळ स्वरलिपी समोर ठेवून वाजवणाऱ्याचा गज शब्दाच्या मध्येच उलटण्याची शक्यता असते. म्हणून अशा वादकाला कविता मुखोद्गत असावी लागते.

एवढे सारे असूनही एक गोष्ट उरतेच. व्हायोलिनमधून शब्द निघत नाहीत, ते श्रोत्याच्या स्मरणातून येतात. जयपूरच्या प्रताप नगरमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करा. घरात गीतरामायणातील एखाद्या गीताचे व्हायोलिनवादन लागले आहे. आजोबांना प्रत्येक ओळ ‘ऐकू’ येते. त्याच खोलीत बसलेल्या राजस्थानी शेजाऱ्याला सुंदर चाल ऐकू येते, शब्द एकही नाही. जयपूरमध्येच वाढलेल्या नातवाला कदाचित ध्रुवपदच ओळखता येईल. वाद्य एकच, परंतु तिघांनी ऐकलेले तीन प्रकारचे. तेव्हा ‘शब्द ऐकू आले’ या अभिप्रायात वादकाच्या कौशल्याइतकाच ऐकणाऱ्याच्या भाषेचा आणि आठवणींचा वाटा असतो.

काही जाणकार श्रोत्यांना मात्र ही स्तुती पुरेशी वाटत नाही. वाद्याने गळ्याची नक्कल करावी यात वाद्याचा मोठेपणा कोणता, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांच्यासमोर पं. विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) यांचे उदाहरण असते. आडनाव एकच असले तरी वादनाची वाट वेगळी. आकाशवाणीशीही त्यांचा निकटचा संबंध होता, आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबर झालेल्या त्यांच्या जुगलबंद्या आजही रसिक आवडीने ऐकतात. लयीशी खेळणारे, तंतुवाद्याच्या बाजाचे त्यांचे वादन गळ्याची आठवण करून देण्यासाठी थांबत नाही. उलट पं. दा. के. दातार (१९३२–२०१८) आणि डॉ. एन. राजम् यांनी शास्त्रीय संगीतातच गायकी अंगाचे वादन उंचीवर नेले. तेथे शब्दांचा आधार नसतो, रागाचा विस्तारच गळ्याच्या वळणाने होतो. यावरून असे दिसते की गायकी अंग ही कमी दर्जाची वाट नाही.

जाणकारांच्या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. ओळखीच्या गीताची गोडी वादकाला आयती मिळते, हे खरेच आहे. पण ओळखीच्या गीतात लहानशी चूकही लपत नाही. अपरिचित रागातील एखादा निसटता स्वर सामान्य श्रोत्याला कळणार नाही. तोंडपाठ गीतातील एक चुकलेली हरकत मात्र तीच गृहिणी तत्काळ ओळखते. तिने संगीताचे शिक्षण घेतलेले नसेल, परंतु मूळ गीत तिने इतक्या वेळा ऐकलेले असते की तिच्या कानाची परीक्षा कठोर होते. प्रभाकर जोग अनेक वर्षे अशा श्रोत्यांपुढे वाजवीत राहिले. रेडिओवरील ज्या निवेदनात एके काळी साथीदाराला जागा नव्हती, तेथे पुढे त्यांचे नाव स्वतंत्र व्हायोलिनवादक म्हणून घेतले जाऊ लागले. त्यांनी आपले आत्मकथनही लिहिले.