पटावरील पाठांतराला शह

बुद्धिबळाचे नियम बदलावेत, असे कोणी सुचविले की जाणकारांच्या कपाळाला आठ्या पडतात. वस्तुतः हे नियम अनादी नव्हेत. आज पटभर संचार करणारा वजीर पंधराव्या शतकापर्यंत एकच घर तिरका सरकत असे. महाराष्ट्रात रूढ असलेली देशी पद्धतही निराळी होती. प्यादे आरंभीही एकच घर चाले, राजाला एकदा घोड्याची अडीच घरांची चाल मिळे आणि शेवटच्या पट्टीत पोहोचलेले प्यादे त्या घराच्या मोहऱ्याचे रूप घेई.

जगाशी सामना करावयाचा म्हणून ती पद्धत मागे पडली, आणि ते योग्यच झाले. पण त्या संक्रमणात एक धडा आहे. देशी पद्धतीत वाढलेल्या पंजाबच्या सुलतान खान यांनी १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले; तथापि प्रारंभीच्या चालींचे ग्रंथज्ञान नसल्याने डावाच्या आरंभी ते अडचणीत येत. पुढे सावरत ते स्वतःच्या विचाराने.

तीच अडचण आज जोगेश्वरीच्या चाळीतील विद्यार्थ्यापुढे उभी आहे. संगणकाने पारखलेल्या पंधरा-वीस चाली मुखोद्गत करून प्रतिस्पर्धी येतो. त्याची बुद्धी अधिक असेलच असे नाही; शिकवणीचे शुल्क मात्र त्याला परवडलेले असते.

यावर उपाय बॉबी फिशर यांनी १९९६ साली ब्युनोस आयर्स येथे मांडला. मागच्या रांगेतील मोहरे चिठ्ठ्या टाकून मांडावेत, मात्र दोन्ही बाजूंची मांडणी सारखी असावी, उंट भिन्न रंगांच्या घरांत व राजा दोन हत्तींच्या मध्ये असावा. अशा ९६० मांडण्या होतात. मोहऱ्यांच्या चाली त्याच राहतात. फक्त किल्लेकोटाचा नियम नीट समजावून द्यावा लागतो. जागतिक महासंघाने या प्रकाराची पहिली जगज्जेतेपद स्पर्धा २०१९ साली घेतली.

काही मांडण्या पांढऱ्याला अधिक सोयीच्या ठरतात, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी एकाच मांडणीवर रंग बदलून दोन डाव खेळवावेत. प्रचलित खेळ मोडीत काढण्याचे कारण नाही. शाळांच्या व कचेऱ्यांच्या स्पर्धांत निम्म्या फेऱ्या या पद्धतीने घेतल्या तरी पुरे. विषमता एका नियमाने संपत नाही, हे मान्य; पण पहिल्या चालीपासून दोघांनाही विचार करावा लागेल, एवढे तरी त्याने साधेल.